‘सर, परीक्षेत काय लिहायचं?’ : पहिल्या वर्षाच्या वर्गाला चिकित्सक विचार शिकवताना

एफवायचा वर्ग. समोर ऐंशी-शंभर मुलं, मागच्या दोन बाकांवर ऊन, पंखा एकच चालू. तुम्ही नव्यानं रुजू झाला आहात, बहुधा तासिका तत्त्वावर. प्राचार्यांनी सांगितलंय की नव्या शैक्षणिक धोरणात चिकित्सक विचाराला महत्त्व आहे. तो शिकवायचा कसा, हे मात्र कुणी सांगत नाही. विषय इतिहास असो, वाणिज्य असो की रसायनशास्त्र, पहिल्या सत्रात काय काय करता येईल ते क्रमानं मांडतो. यासाठी वेगळा पेपर लागत नाही. अभ्यासक्रमातले काही तास थोडे वेगळ्या पद्धतीनं वापरावे लागतात, एवढंच.

सुरुवातीलाच दोन गोष्टी पक्क्या करून घ्या.

पहिली, ही मुलं कुठून आली आहेत ते विसरू नका. बारावीपर्यंत त्यांनी अपेक्षित प्रश्नसंच पाठ केले, मुद्दे अधोरेखित केले आणि त्याचेच गुण मिळवले. ‘सर, परीक्षेत काय लिहायचं?’ हा प्रश्न मठ्ठपणाचा नाही. कशाला गुण मिळतात हे त्यांनी नीट ताडलंय. तुम्ही वर्गात ‘स्वतंत्र विचार करा’ म्हणणार आणि चाचणीत पाच मुद्द्यांचं उत्तर मागणार असाल, तर मुलं चाचणीवर विश्वास ठेवतील. तेच शहाणपणाचं आहे.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. नुसती शंका घ्यायला शिकवणं फार सोपं असतं. महिनाभरात वर्ग ‘सगळे पेपर विकले गेलेत’, ‘आकडे काय, कसेही फिरवता येतात’ असं बोलायला लागतो आणि आपण काहीतरी साधलं असं आपल्याला वाटतं. काही साधलेलं नसतं. सगळ्यावर विश्वास ठेवणारा आणि कशावरच न ठेवणारा, दोघांचेही कष्ट सारखेच वाचतात. कोणत्या दाव्यावर किती भरवसा ठेवायचा आणि तो कशाच्या जोरावर, हे मुलांना ठरवता यायला हवं. पुढची प्रत्येक पायरी त्यासाठीच आहे.

पायरी 1 : पहिल्या तासाला व्याख्या देऊ नका, खेळ घ्या

फळ्यावर 2, 4, 6 लिहा. सांगा, ‘हे तीन आकडे माझ्या मनातल्या एका नियमात बसतात. तुम्ही तीन-तीन आकडे सुचवा, मी फक्त बसतात की नाही ते सांगेन. खात्री झाली की नियम सांगा.’

मुलं 8, 10, 12 म्हणतील. बसतात. 20, 22, 24? बसतात. 100, 102, 104? बसतात. मग कुणीतरी विजयी चेहऱ्यानं सांगेल, ‘दोन-दोननं वाढणारे सम आकडे!’ तुम्ही म्हणायचं, चूक. वर्गात गलबला होईल, होऊ द्या. तुमच्या मनातला नियम इतकाच असतो की आकडे चढत्या क्रमानं हवेत. 1, 7, 900 सुद्धा चालतात.

पीटर वेसन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं 1960 मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध केला. आपण आपल्या अंदाजाला होकार देणारी उदाहरणंच गोळा करत बसतो, हे त्यातून दिसतं. पण ते तुम्ही सांगू नका, मुलांकडून काढून घ्या. फळ्यावरची सगळी त्रिकुटं दाखवून विचारा, ‘यातलं कुठलं त्रिकूट तुम्ही “नाही” ऐकण्यासाठी सुचवलं होतं?’ बहुतेक वेळा एकही नसतं. 1, 2, 3 विचारलं असतं तर एका झटक्यात पुष्कळ कळलं असतं.

त्यानंतर एकच वाक्य वहीत लिहायला सांगा: ‘माझं म्हणणं चुकीचं असतं, तर मला काय दिसलं असतं?’ सत्रभर हाच प्रश्न विचारायचा आहे. पहिल्या तासाला एवढं पुरे. लॅटिन नावांची तर्कदोषांची यादी नंतरही देऊ नका. मुलं ती तोंडपाठ करतात आणि गणपतीच्या मांडवात मित्रांवर फेकतात.

पायरी 2 : दर आठवड्याला पाव पान

बोलण्यापेक्षा लिहिण्यानं विचार उघडा पडतो. आठवड्याला एकदा, तासाच्या शेवटच्या दहा मिनिटांत, सगळ्यांनी पाव पान लिहायचं. चौकट ठरलेली ठेवा: दावा काय आहे, त्याला आधार काय, तो आधार कुठे अपुरा पडतो, आणि यावर माझा भरवसा दहापैकी किती. विषय तुमच्या त्या आठवड्याच्या धड्यातलाच घ्या. अर्थशास्त्राच्या वर्गात ‘कांद्याची निर्यात बंद केली की ग्राहकाचा फायदा होतो’ हे चालेल. जीवशास्त्रात ‘अँटिबायोटिक घेतलं आणि सर्दी बरी झाली’ हे उत्तम. सर्दी विषाणूमुळे होते, अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, आणि सर्दी तशीही आठवडा-दहा दिवसांत उतरते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ, हे त्यांच्या आजीला माहीत असतं. ते औषधाच्या गोळीलाही लागू होतं हे मुलांना नव्यानं दिसतं.

भरवशाचा आकडा लिहायला लावणं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. सुरुवातीला सगळे दहा नाहीतर शून्य लिहितात. सहा किंवा सात दिसायला लागले की समजायचं, गाडी हलली.

शंभर पानं दर आठवड्याला तपासणं कुणालाच जमत नाही, आणि तासिकेच्या मानधनात तर अजिबात नाही. सगळी गोळा करा, वीस-पंचवीस वाचा, दर वेळी वेगळी. पुढच्या तासाला त्यातली दोन, नाव न घेता, फळ्यावर लिहा आणि वर्गालाच दुरुस्त करू द्या. त्यातलं एक चांगलं असावं. चुकाच दाखवत राहिलात तर मुलं सुरक्षित, गुळमुळीत लिहायला लागतात.

भाषेचं आत्ताच सांगून टाकतो, कारण इथेच बरेच नवे शिक्षक फसतात. मराठी माध्यमातून आलेली मुलगी इंग्रजी वर्गात गप्प बसते तेव्हा तिच्याकडे विचार नाही असं आपण धरून चालतो. पाव पान मराठीत, हिंदीत, अहिराणीत, कोकणीत, कशातही लिहायची मुभा द्या. एकाच वेळी नवी भाषा आणि नवी विचारपद्धत असा दुहेरी भार टाकला की मूल पाठांतराकडेच वळतं. विषयाचे इंग्रजी शब्द महिना-दोन महिन्यांत आपसूक येतात.

पायरी 3 : एक प्रयोग मुळापासून उकला

सत्राच्या मध्यावर दोन सलग तास एकाच प्रकरणाला द्या. माझी शिफारस आहे ती पुण्यात झालेल्या ज्योतिषाच्या चाचणीची. जयंत नारळीकर यांनी 2008 मध्ये सुधाकर कुंटे, प्रकाश घाटपांडे आणि नरेंद्र दाभोलकर यांच्या साथीनं ती घेतली. हे उदाहरण आपल्या घरातलं आहे. पत्रिका जुळवणं वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांनी घरात पाहिलेलं असतं.

निकाल आधी सांगू नका. पहिल्या तासात वर्गाला एवढंच विचारा, ‘पत्रिकेवरून माणसाबद्दल काही सांगता येतं, असा दावा आहे. तो तपासायचा कसा? दोन्ही बाजूंना मान्य होईल अशी चाचणी तुम्हीच तयार करा.’ पाच-पाच जणांचे गट करा. पहिल्या दहा मिनिटांत हमखास ‘आपली पत्रिका नेऊन दाखवू, बरोबर सांगतो का बघू’ असं येईल. लगेच विचारा, ‘बरोबर’ कुणी ठरवायचं? ‘तुमच्या आयुष्यात अडचणी आल्या, पण तुम्ही त्यातून मार्ग काढलात’ हे वर्गातल्या कुणाला लागू होत नाही? मग मुलांच्या लक्षात येतं की उत्तर हो किंवा नाही असं स्पष्ट हवं, आणि सांगणाऱ्याला समोरचा माणूस दिसता कामा नये.

दुसऱ्या तासात प्रत्यक्ष काय केलं होतं ते सांगा. शंभर हुशार आणि शंभर बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या जन्मवेळा मिळवून दोनशे पत्रिका तयार केल्या. त्या मिसळल्या. भाग घेणाऱ्या प्रत्येक ज्योतिषाला चाळीस पत्रिका दिल्या आणि कोणती कोणत्या गटातली ते ओळखायला सांगितलं. 51 जणांनी आधी तयारी दाखवली, प्रत्यक्षात 27 जणांची उत्तरं आली. सरासरी निम्म्याच्याही किंचित खाली राहिली. नुसतं नाणं उडवून ठरवलं असतं तरी एवढं साधलं असतं.

इथे थांबलात तर मात्र तास वाया गेला. खरं शिक्षण पुढे आहे. प्रत्येक मुलाला चाळीस वेळा नाणं उडवायला लावा आणि छापे मोजायला सांगा. ऐंशीच्या वर्गात साधारण तिघांना 26 किंवा त्याहून जास्त छापे मिळतील. त्यांना उभं करा, टाळ्या वाजवा, ‘हे नाण्याचे जाणकार’ म्हणून ओळख करून द्या. म्हणजे एखाद्या ज्योतिषाला चाळीसपैकी निम्म्याहून बरीच जास्त उत्तरं बरोबर आली असती, तरी त्यातून काय सिद्ध झालं असतं? किती उत्तरं बरोबर आली तर आपण मान्य करू, आणि तो आकडा चाचणीच्या आधी ठरवायचा की नंतर? संख्याशास्त्राचा एक शब्दही न वापरता मुलं योगायोगाची कल्पना हातात धरतात.

आता दुसरी बाजू. वर्गात कुणीतरी म्हणेलच, ‘जन्मवेळ चुकीची नोंदली असेल’, ‘बुद्धी पत्रिकेत दिसत नसेल’. त्याला हसू नका, वर्गालाही हसू देऊ नका. हे आक्षेप वाजवी आहेत. विचारा, ‘हा आक्षेप चाचणीआधी घेतला असता तर? आणि हाच नियम लग्नाच्या पत्रिकेला लावला तर?’ आणखी एक प्रश्न जरूर विचारा: या चाचणीतून काय सिद्ध होत नाही? 27 जणांच्या या एका कसोटीवरून ज्योतिषाच्या प्रत्येक दाव्याचा निकाल लागत नाही. पण आता पुरावा देण्याची जबाबदारी कुणावर आहे, हे मात्र स्पष्ट होतं.

एखादी मुलगी तासानंतर येऊन सांगेल की तिचे वडील पौरोहित्य करतात. तिला घरचं नाकारायला लावणं हे तुमचं काम नव्हे. तपासण्याची रीत तिला कळली का, तेवढं पाहा. त्या रीतीचं ती काय करते हा तिचा प्रश्न.

पायरी 4 : गावातलाच फलक आणा

एफवायच्या वर्गातली कितीतरी मुलं एमपीएससीचं स्वप्न घेऊन आलेली असतात. म्हणून शिकवणी वर्गांच्या जाहिराती हे वर्गासाठी तयार साहित्य. मुलांना बसस्थानकाजवळच्या फलकांचे फोटो काढून आणायला सांगा. ‘आमचे 60 विद्यार्थी अधिकारी!’ मग एकेक प्रश्न: किती जणांनी प्रवेश घेतला होता? साठ कितीपैकी? शंभरपैकी की सहा हजारांपैकी? एकाच उमेदवाराचा चेहरा दोन-तीन फलकांवर दिसतो तो कसा?

याचं उत्तर बहुधा असं असतं की त्या उमेदवारानं एका ठिकाणी पूर्ण वर्ग केला आणि दुसऱ्या ठिकाणी फक्त मुलाखतीच्या सरावाला, तोही फुकट, हजेरी लावली. हे इतकं बोकाळलं की केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर 2024 मध्ये शिकवण्यांच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर मार्गदर्शक तत्त्वं काढली. यशस्वी उमेदवारानं कोणता अभ्यासक्रम केला आणि त्याचे पैसे भरले होते का, हे फोटोसोबत सांगणं त्यात अपेक्षित आहे. मुलांना ती तत्त्वं आणि गावातला फलक शेजारी ठेवून ताडू द्या. या तासाला झोपलेलं मूल मी पाहिलेलं नाही. फीचे पैसे त्यांच्या घरातून जाणार असतात.

पायरी 5 : मोबाइल बंद करू नका, वापरायला लावा

1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं पाच जणांना ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे लोक होते. त्या काळात व्हॉट्सअ‍ॅपवर मुलं पळवल्याच्या अफवा देशभर फिरत होत्या. त्यातला एक गाजलेला व्हिडिओ मुळात कराचीतली जनजागृतीची छोटी फिल्म होती. शेवटी ‘मूल पळवायला एवढाच वेळ लागतो’ असं सांगणारा भाग कापून तो पुढे ढकलला गेला होता.

हे वर्गात सांगताना आवाज चढवू नका. आजूबाजूच्या गावांतली मुलं समोर बसलेली असतात. हे सांगून झालं की मुलांच्या हाताला काम द्या.

काम असं. एखाद्या संकेतस्थळावर किंवा संदेशावर विश्वास ठेवायचा का, हे ठरवायला आपण त्याच पानावर वर-खाली बघत राहतो: दिसायला नीटनेटकं आहे का, शेवटी डॉक्टरचं नाव आहे का. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी इतिहासकार, विद्यार्थी आणि बातम्यांची सत्यता तपासणारे व्यावसायिक यांची तुलना केली. पहिल्या दोन्ही गटांतले बरेच जण देखण्या पानाला फसले. व्यावसायिक मात्र ते पान वाचत बसलेच नाहीत. त्यांनी लगेच दुसरी खिडकी उघडली आणि ‘ही संस्था कोण, तिच्याबद्दल इतर काय म्हणतात’ ते शोधलं. मुलांना नेमकं हेच करायला लावा. घरच्या गटावर आलेला एक संदेश, घड्याळ लावून चार मिनिटं, आणि त्या वेळात मूळ पान पुन्हा वाचायचं नाही. आरोग्याचे नुस्खे यासाठी उत्तम. राजकारणावरचे संदेश पहिल्या सत्रात टाळा. मुलं तपासणी विसरतात आणि पक्ष आठवतात.

पायरी 6 : पूर्वपक्ष

वादविवाद स्पर्धा मला या कामासाठी फारशी उपयोगाची वाटत नाही. तिथे जिंकणं शिकवलं जातं. न्यायशास्त्रात, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रात, वाद, जल्प आणि वितंडा असा भेद आहे: सत्य शोधण्यासाठी चाललेली चर्चा, जिंकण्यासाठी चाललेली, आणि स्वतःची काही बाजू न मांडता नुसतं समोरच्याचं खोडत राहणारी. मुलांना हे तीन प्रकार सांगून कुठल्याही वाहिनीची रात्रीची चर्चा पाहायला लावा. वर्गीकरण आपोआप होतं.

वर्गात मात्र पूर्वपक्षाचा सराव घ्या. आपली बाजू मांडण्याआधी विरुद्ध बाजू इतकी नीट मांडायची की समोरच्यानं ‘हो, हेच म्हणायचंय मला’ असं म्हणावं. तो म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. सुरुवात ‘75 टक्के हजेरीची सक्ती असावी का’ अशा विषयानं करा. जात आणि आरक्षण हे विषय महत्त्वाचे आहेत, टाळायचेही नाहीत, पण वर्गाला एकमेकांची सवय झाल्यावर घ्या. पहिल्याच महिन्यात घेतलेत तर ज्यांच्या आयुष्याचा तो प्रश्न आहे ती मुलं गप्प बसतात आणि बाकीचे बोलतात.

कला शाखेसाठी 1891 च्या संमतिवयाच्या कायद्याचं प्रकरण फार चांगलं आहे. शरीरसंबंधासाठी मुलीच्या संमतीचं वय दहावरून बारावर नेण्याचा तो प्रस्ताव. आज कुठलंही मूल टिळकांचा विरोध ऐकून तोंड वाकडं करतं. म्हणूनच त्यांना टिळकांचा पूर्वपक्ष लिहायला लावा: सुधारणा समाजानं आतून करावी, परकीय सरकारनं कायद्यानं लादू नये. तो टिळकांना पटेल असा लिहून झाला की मग आगरकरांच्या बाजूनं उत्तर लिहायचं. समाज आतून बदलेपर्यंत त्या दहा वर्षांच्या मुलीनं काय करायचं? दुबळ्या पूर्वपक्षाला दिलेलं उत्तरही दुबळंच निघतं, हे मुलांना स्वतःच्या वहीत दिसतं.

पायरी 7 : चॅटजीपीटीचं काय?

गृहपाठ त्याच्याकडून लिहून येणारच. पकडापकडीत वेळ घालवू नका. उलट त्याचं उत्तर छापून वर्गात आणायला सांगा आणि पाव पानाच्या चौकटीत घाला: यातला कोणता दावा तपासला, कुठे, काय सापडलं? आपल्या तालुक्याच्या इतिहासावर किंवा स्थानिक पिकावर प्रश्न विचारला की चुका लवकर हाती लागतात. मोबाइल खिशात ठेवून हाताने लिहायचं काम मात्र वर्गातच, तुमच्यासमोर.

पायरी 8 : गुणांची व्यवस्था

हे शेवटी लिहिलंय, पण ठरवायचं पहिल्या आठवड्यात. अंतर्गत मूल्यमापनाचे जे गुण तुमच्या हातात आहेत, त्यातले निम्मे तरी या कामाला द्या आणि ते पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहा. तपासताना तीनच गोष्टी पाहा: दावा स्पष्ट आहे का, आधार त्या दाव्याला खरंच लागू पडतो का, आणि विरुद्ध बाजूची दखल घेतली आहे का. निष्कर्ष तुम्हाला पटला की नाही याला गुण ठेवू नका. तुमच्या मताच्या विरुद्ध लिहिलेल्या एका चांगल्या उत्तराला पहिल्याच चाचणीत भरघोस गुण द्या. ती बातमी वसतिगृहात संध्याकाळपर्यंत पोचते.

विद्यापीठाची प्रश्नपत्रिका तुमच्या हातात नसते. अंतर्गत चाचणीचे प्रश्न असतात. ‘हरितक्रांतीचे फायदे लिहा’ ऐवजी असं विचारा: ‘हरितक्रांतीमुळे शेतकरी सुखी झाला, या विधानावर पंजाब आणि मराठवाडा इथले दोन शेतकरी काय म्हणतील? तुम्ही कुणाचं, किती आणि का मान्य कराल?’ धडा तोच, पाठ केलेले मुद्देही कामाला येतात, पण ते जसेच्या तसे उतरवून भागत नाही. असा एकच प्रश्न पहिल्या चाचणीत ठेवा, बाकीचे नेहमीचे असू द्या. दुसऱ्या चाचणीत दोन. विभागप्रमुखांनी विचारलं तर अभ्यासक्रमातला कोणता घटक त्यात येतो ते तयार ठेवा, आणि शक्य असेल तर नमुना उत्तर तपासून आधीच त्यांना दाखवा.